'आवाज वाढवा' म्हणजे काय?

भालकी, औराद किंवा आळंदकडच्या गावात सप्ताहाचे कीर्तन चालू असते. मागून कुणी ओरडतो, "आवाज वाढवा!" मशीनवाला व्हॉल्यूम चढवतो, कर्ण्याचा आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी बसते. शब्द मात्र कळत नाहीतच. दोष मशीनपेक्षा शब्दाचा. मराठीत 'आवाज' म्हणजे ध्वनीही, गळाही आणि तीव्रताही.

तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल वाढवायला शक्ती जवळपास दुप्पट लागते. कंप्रता म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, ती हर्ट्झमध्ये. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा खालच्या कंप्रतेचा, टाळांची किणकिण वरच्या. इक्वलायझर सगळा ध्वनी एकदम चढवत नाही, कंप्रतेचा एकेक टप्पा कमीजास्त करतो. व्यंजने मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतात. म्हणून पुष्कळदा बेस उतरवला की व्हॉल्यूम न वाढवताही अभंग कळू लागतो.

या टप्प्याला 'पट्टी' म्हणण्याचा मोह होतो. पण गायकाची पट्टी काळी दोन, पांढरी चार अशी असते. तिथे घोळ नको, 'बँड'च बरा. 'फीडबॅक'ला मात्र 'शिट्टी' हा शब्द कोशात घेण्याजोगा आहे.