एकटीचा एक फोटो

सासूबाई गेल्या, त्यानंतरची गोष्ट. तेराव्याला फोटो ठेवायचा म्हणून धाकट्या नणंदेनं विचारलं, ‘‘वहिनी, आईचा एकटीचा चांगला फोटो आहे का हो कुठे?’’ आणि मी गप्पच झाले. घरात पाच मोबाइल. नातवंडांचे वाढदिवस, सहली, गौरी-गणपती, सगळ्यांचे मिळून हजारो फोटो. पण सासूबाई? एका फोटोत ताट वाढणारा त्यांचा नुसता हात. दुसऱ्यात मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत, डोळे मिटलेल्या. तेवढाच चेहरा मोठा करून बघावा, तर नुसते ठिपके!

शेवटी ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली एक फोटो सापडला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. लग्नानंतर वर्षभरात गावातल्या स्टुडिओत काढलेला. फोटोवाल्यानं तो स्कॅन करून मोठा केला आणि आम्ही बघतच राहिलो. इरकलीच्या काठाची वीण, हातातल्या काचेच्या बांगड्या, कपाळावरचं गोंदण... सगळं जसंच्या तसं. साठ वर्षांपूर्वीच्या फोटोतून एक विशीतली मुलगी आमच्याकडे सरळ बघत होती.

‘‘ताई, हा मोठ्या निगेटिव्हचा फोटो,’’ दुकानात बसलेले फोटोवाल्याचे वडील म्हणाले. ‘‘आमचे वडील काढायचे. काळ्या कापडात डोकं घालून.’’

तो काळ्या कापडाचा कॅमेरा आपल्यापैकी अनेकींनी निदान जुन्या सिनेमात तरी बघितला असेल. तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोन्हींच्या मधे घडीघडीचा भाता. काळं कापड डोक्यावर घेतलं की दुधी काचेवर समोरचा माणूस दिसतो, तोही उलटा, खाली डोकं वर पाय! भाता मागेपुढे करून चित्र नीट जुळवायचं, मग काचेच्या जागी फिल्मचा एक तुकडा सरकवायचा. रोल नाहीच. एका वेळी एक फिल्म, एक फोटो. ‘हलायचं नाही हं!’ असं फोटोग्राफर म्हणायचा, ते त्याला हौस होती म्हणून नव्हे. हललं की फोटो गेला, फिल्म गेली, पैसे गेले!

आपल्या माहितीच्या रोलच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढी. या मोठ्या कॅमेऱ्यांची फिल्म कमीत कमी चार इंच बाय पाच इंच. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ पंधरा पट. आठ इंच बाय दहा इंचांची असेल तर साठ पट. निगेटिव्ह एवढी मोठी असली की तिच्यात बारकावेही तेवढेच जास्त मावतात. शिवाय जुन्या स्टुडिओत बहुतेक वेळा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवूनच फोटो छापत. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. म्हणून इतक्या वर्षांनीही तो इतका स्वच्छ.

एवढं अवजड धूड, हे काही बायकांचं काम नव्हे, असं वाटतं ना? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून त्या दिल्लीत फोटो काढत हिंडायच्या, आणि त्यांच्या कॅमेऱ्यांत चार बाय पाच इंचांची फिल्म लागणारा, हातात धरायचा स्पीड ग्राफिकही होता. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या.

पण मला सांगायचंय ते अमेरिकेतल्या एल्सा डॉर्फमनबद्दल. १९३७ मध्ये जन्मलेली ही बाई आधी न्यूयॉर्कला एका प्रकाशन संस्थेत सेक्रेटरी होती. हातात कॅमेरा आला तो अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढे बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावात ती दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत आपले फोटो मांडून चक्क रस्त्यावर विकायची! १९८० मध्ये तिला पोलरॉइड कंपनीचा एक अजस्र कॅमेरा वापरायला मिळाला. वजन सुमारे शंभर किलो आणि फोटो २० इंच बाय २४ इंच. जगात असे मोजकेच कॅमेरे होते. फोटो मिनिट-दीड मिनिटात तयार होऊन समोर यायचा. वेगळी निगेटिव्ह जपून ठेवायची आणि हव्या तेवढ्या प्रती काढायच्या, असा प्रकारच नाही. जो निघाला तो एकुलता एक.

या कॅमेऱ्यानं एल्सानं काय टिपलं? तिचे कवी मित्र होतेच, पण मुख्य म्हणजे साधी माणसं. आई-वडील, मुलं, आज्या, घरातली कुत्री-मांजरं. फिल्म महाग, म्हणून ती एका बैठकीत दोनच फोटो काढायची. गिऱ्हाइकानं त्यातला एक निवडून न्यायचा, नाकारलेला तिच्याकडे राहायचा. या राहिलेल्या फोटोंवरच एरल मॉरिस या दिग्दर्शकानं २०१६ मध्ये ‘द बी-साइड’ हा माहितीपट केला. डोळे मिटलेत, हसू वाकडं आलंय, पोरगं भलतीकडेच बघतंय... पण कित्येकदा खरा माणूस त्या नाकारलेल्या फोटोतच जास्त दिसतो.

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या तीन बायकाही तिच्याकडे आल्या होत्या. केस गेलेले. अशा वेळी आपण काय करतो? आरसा टाळतो, फोटोचं तर नावच नको. या तिघी मात्र घरच्यांना, मैत्रिणींना घेऊन त्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. ‘नो हेअर डे’ नावाचा माहितीपट त्यावर निघाला. मला वाटतं, पटकन मोबाइल रोखला असता तर त्यांना कदाचित संकोच वाटला असता. पण समोर एक बाई तुमच्यासाठी एवढं यंत्र जुळवतेय, तुम्हाला नीट बघतेय, ‘अशाच छान दिसताय’ असं तिच्या नजरेतून सांगतेय, म्हटल्यावर पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

२००८ मध्ये पोलरॉइडनं ही फिल्म बनवणं बंद केलं. साठा संपत आला तशी एल्साही थांबली. दरवर्षी वाढदिवसाला ती स्वतःचा फोटो काढायची. तिच्या त्या स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन २०२० मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं. त्याच वर्षी मे महिन्यात ती गेली.

मोठ्या फिल्मची आवड मात्र संपलेली नाही. इंग्लंडमधली इल्फर्ड कंपनी आजही अशी सुटी फिल्म बनवते. तिथल्याच ब्रायटन शहरात इंट्रेपिड नावाच्या छोट्या कंपनीनं गेल्या दशकात प्लायवूडचे हलके, भात्याचे कॅमेरे करायला घेतले आणि ते घेणारी बरीचशी तरुण मंडळी आहेत. बारकावे तर आता चांगल्या मोबाइलमध्येही येतात, मग हा खटाटोप कशाला? मला तरी उत्तर एकच दिसतं. या कॅमेऱ्यात घाई चालत नाही. काढणाऱ्याला नीट बघावं लागतं आणि समोरच्याला नीट बसावं लागतं. तेवढा वेळ त्या खोलीत त्या एका माणसाशिवाय दुसरं काहीही महत्त्वाचं नसतं.

आमच्या सासूबाईंच्या वाट्याला अशी पाच-दहा मिनिटं आयुष्यात बहुधा एकदाच आली, त्या स्टुडिओतल्या खुर्चीवर. त्यानंतरची साठ वर्षं त्या कुणाच्या तरी मागे, कडेला, ताट वाढताना. ही खंत मला फार उशिरा झाली.

मैत्रिणींनो, भात्याचा कॅमेरा आपल्याला कुठला मिळायला! पण त्याची रीत उचलायला पैसे पडत नाहीत. आईला, सासूबाईंना एखाद्या दुपारी खिडकीजवळच्या उजेडात निवांत बसवा. कामाची साडी असली तरी चालेल. मोबाइलच असू दे, पण पन्नास नको, दोनच फोटो काढा. सावकाश, गप्पा मारत. मग त्यातला एक त्यांनाच निवडू द्या. कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीनं नाव, वर्ष लिहा. हो, आणि मग मोबाइल लेकीच्या हातात द्या आणि त्याच खुर्चीत तुम्हीही बसा. परवा मी बसले. लेक म्हणाली, ‘‘आई, हलू नकोस!’’ किती दिवसांनी मी अशी स्वस्थ बसले होते कोण जाणे.