बासरीकरांचं वर्ष

ठाणे-डोंबिवलीतल्या हौशी बासरीवादकांना शिकलेलं लोकांपुढे वाजवायची पहिली हक्काची संधी गुरुपौर्णिमेला मिळते. मोठा सोहळा ठाण्यातला ‘बासरी उत्सव’. पं. हरिप्रसाद चौरसियांचे शिष्य विवेक सोनार यांच्या गुरुकुल प्रतिष्ठानचा हा उपक्रम; शिष्यांचं समूहवादन हे त्याचं खरं वैभव. समूहात कसोटी लागते ती सुराची. थंडीत बासरी उतरते, वाजवून तापली की चढते. तबल्याचे गठ्ठे ठोकावेत तशी सोय इथे नाही. फुंकरीचा कोन किंचित बदलूनच सूर मिळवायचा. सुराइतकाच प्रश्न लांबीचा: मैफलीची पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी सुमारे अडीच फुटांची, भोकांतलं अंतरही मोठं. त्यामुळे लहान मुलांना सुरुवातीला आखूड बासरीच घेऊन द्यावी.