विश्लेषण : कशेडी घाटात मोबाइलची रेंज गेली तर? फोनमधील कोणत्या सोयी तरीही चालू राहतात?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडले, की गाडीतील गाणे अडखळू लागते. मॅपवरचा निळा ठिपका जागेवरच थांबतो, व्हॉट्सअॅपवरच्या ‘कुठे पोहोचलात?’ला एकच राखाडी टिक पडते. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना याची सवय आहे. पाच-दहा मिनिटांनी रेंज येते आणि विषय संपतो. मात्र गाडी बंद पडली, दरड आली किंवा अपघात झाला, तर त्याच पाच-दहा मिनिटांचे मोल वेगळे होते.

हा परिसर तसा अनुभवी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी बस वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्या एकमेव प्रवाशाने दरी चढून वर येत कळवले, तेव्हा अपघाताची खबर बाहेर पोहोचली. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ८० हून अधिक बळी गेले. महाड पाण्याखाली होते आणि संपर्क तुटला होता.

रेंज नसताना जीपीएस चालते का?

चालते. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. त्यासाठी सिमकार्ड लागत नाही, नेट लागत नाही. एअरोप्लेन मोडवरही आजचे फोन आपले ठिकाण शोधतात.

फरक पडतो तो वेगात. नेट असेल तर कोणता उपग्रह कुठे आहे, ही माहिती फोन मोबाइल नेटवर्कवरून झटपट उचलतो. याला ए-जीपीएस म्हणतात. नेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. त्याला मोकळ्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट लागते. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत आणि वर झाडी असल्यास आणखी वेळ जातो. त्यामुळे गाडीच्या टपाखाली बसून फोन हलवण्यापेक्षा सुरक्षित जागी, उघड्यावर दोन मिनिटे धरावा.

मग मॅप कोरा का दिसतो?

कारण ठिपका फोनकडे आहे, पण त्याखालचे चित्र नेटवरून येते. ते आधीच उतरवून ठेवता येते. गुगल मॅप्समध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर टॅप करावे. ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये जाऊन ‘सिलेक्ट युवर ओन मॅप’ निवडावे आणि चौकटीत माणगावपासून चिपळूणपर्यंतचा पट्टा घेऊन डाउनलोड करावा. महाबळेश्वरकडे जाणार असाल तर चौकट पूर्वेला ताणावी. घरच्या वायफायवर हे काम काही मिनिटांचे आहे.

मात्र ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, रस्ता बंद आहे की नाही हे सांगत नाही. वाहतूक कोंडी, वळवलेली वाहतूक, सकाळी पडलेली दरड यातले काहीही त्याला ठाऊक नसते. पावसाळ्यात घाटाच्या तोंडाशी पोलीस हात दाखवत असतील तर ऐकायचे त्यांचेच.

बोगद्यात काय होते?

भोगाव आणि कशेडी यांच्यातील सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांना पहिल्यांदा वाट मिळाली. आत उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. अॅप शेवटच्या वेगावरून अंदाज बांधत ठिपका पुढे सरकवते किंवा थांबवते. बाहेर पडताच काही क्षण तुम्ही जुन्या घाटरस्त्यावर असल्याचे दाखवते आणि ‘यू टर्न घ्या’ असेही सुचवू शकते. ते ऐकून बोगद्याच्या तोंडाशी ब्रेक मारू नये. दोन-तीनशे मीटर पुढे गेल्यावर अॅप सहसा भानावर येते.

स्वतःचे ठिकाण दुसऱ्याला कसे सांगायचे?

व्हॉट्सअॅपचे लाइव्ह लोकेशन नेटशिवाय जाणार नाही. साधा एसएमएस मात्र कॉल लागत नसतानाही, एखादी काडी असली तरी निसटून जातो. गुगल मॅप्समध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले की पिन पडते आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात. आयफोनमध्ये हे आकडे ‘कंपास’ अॅपच्या तळाशीही असतात.

महाड-पोलादपूर भागात पहिला आकडा १७ किंवा १८ ने आणि दुसरा ७३ ने सुरू होतो. तसे नसेल तर काहीतरी चुकले आहे. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे पाठवले तर ठिकाण सुमारे ११ मीटरच्या आत सांगता येते. समोरच्याने दोन्ही आकडे मध्ये स्वल्पविराम देऊन मॅप्सच्या सर्चमध्ये टाकले की जागा उघडते. सोबत रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही लिहावा. रात्री क्रेन घेऊन येणाऱ्याला अक्षांशापेक्षा तोच लवकर कळतो.

११२ केव्हा लागतो?

स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असे दिसले तर फोन ठेवून देऊ नका. याचा अर्थ तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण जवळपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर आहे. ११२ चा कॉल त्यावरून जाऊ शकतो. ‘नो सर्व्हिस’ असेल तर मात्र जागा बदलण्याला पर्याय नाही. दरीकडची मोकळी बाजू डोंगराच्या कुशीपेक्षा बरी, पण कठड्यापासून लांबच राहावे. एअरोप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन नव्याने टॉवर शोधतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण पाच वेळा दाबल्यास आपत्कालीन कॉल सुरू होतो. ही सोय सेटिंग्जमधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’मध्ये चालू आहे का, ते घरीच पाहावे. कंट्रोल रूमला तुमचे नेमके ठिकाण आपोआप कळेलच असे धरू नये. आकडे हाताशी ठेवूनच बोलावे.

आयफोन १४ पासून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय आल्याचे अनेकांनी वाचले असेल. ती भारतात सुरू नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये.

बॅटरी आणि पैसे

रेंज नसलेला फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. अडकून पडल्यास एका फोनवर एअरोप्लेन मोड लावावा आणि दुसरा चालू ठेवावा. गाडीत चौघांकडे एकाच कंपनीचे सिम असेल तर चार फोन असूनही उपयोग एकाचाच. म्हणून दुसरे सिम वेगळ्या कंपनीचे असलेले बरे. पंक्चरवाला, चहाची टपरी आणि टोइंगवाला यांच्यासाठी खिशात थोडी रोकड असू द्यावी, कारण घाटात क्यूआर कोड असतो, पण पैसे जातीलच असे नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक सेटिंग तपासावे. फोनमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधून ते चालू आहे का ते पाहावे. २०२३ मध्ये देशभर मोठ्या आवाजात वाजलेला चाचणीचा संदेश याच यंत्रणेचा होता. तो टॉवरवरून एकाच वेळी सर्व फोनना जातो, त्यामुळे नेट बंद असले किंवा लाइन जाम असली तरी पोहोचतो. त्या वेळी वैतागून अनेकांनी तो बंद करून टाकला होता. तो पुन्हा चालू करायला अर्धे मिनिटही लागत नाही.