जुन्या ट्रायल्स मोटारसायकलचे सस्पेन्शन राखताना

ट्रायल्स स्पर्धेत वेगापेक्षा तोल महत्त्वाचा. खडकाळ टप्प्यात पाय जमिनीला टेकला, की दंडाचे गुण चढतात. सॅमी मिलर यांनी १९६५ मध्ये ज्या स्पॅनिश बुल्टॅकोवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली, तिच्यासारख्या गाड्यांना मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असत.

अशा गाडीची देखभाल पुढच्या फोर्कपासून सुरू करावी. आतील तेल कालांतराने गढूळ होते; ते बदलताना दोन्ही नळ्यांतील पातळी समान ठेवावी. तेलाचा ओघळ दिसल्यास सील बदलावे. मात्र नळी गंजलेली असेल, तर नवे सीलही टिकत नाही.

मागचे चाक अधांतरी असताना आसापासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजावे. स्वार फूटरेस्टवर उभा राहिल्यावर ते पुन्हा मोजावे. हा फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. जास्त असल्यास स्प्रिंगची कडी दोन्ही बाजूंना सारखीच फिरवून ताण वाढवावा. त्याने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नव्हे.

गाडी दाबून सोडल्यावर पुन:पुन्हा उसळत असेल, तर दोष डॅम्परचा समजावा. झिजलेला डॅम्पर चाकाला खडकावर टेकू देत नाही. मग टेकतो तो स्वाराचा पाय!