तान्ह्या बाळाचे लंगोट आणि त्याची कातडी



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एके सायंकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी आपले पाच महिन्यांचे मूल खांद्याशी धरून आमच्या दारी आली. मूल सारखे कळवळून रडत होते. लंगोट सोडून पाहिले, तो कुल्ले व मांड्या भाजल्यासारख्या लाल झालेल्या. पण बाळापेक्षाही आईचाच चेहरा अधिक रडवेला होता. कारण ‘तू मुलाला स्वच्छ ठेवीत नाहीस’ असा ठपका घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्यावर ठेवला होता. वास्तविक ती बिचारी दर वेळी साबण लावून तो भाग घासून धूत होती आणि वर पावडरीचा थर देत होती. तेव्हा दोष आळसाचा नव्हता, गैरसमजाचा होता; आणि तो गैरसमज तिच्या एकटीचा नव्हे, म्हणूनच आज हा विषय निवडला आहे.

या विकारास हल्ली डायपर रॅश म्हणतात. लंगोट बांधणाऱ्या पुष्कळ मुलांना तो केव्हा ना केव्हा होतो, आणि नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास अधिक होतो. तो का होतो हे कळले, म्हणजे उपाय शोधण्यास दूर जावे लागत नाही. फार वेळ धुणे धुतल्यावर आपल्या बोटांची कातडी कशी पांढरी व मऊ पडते ते आपण पाहतोच. ओल्या लंगोटात बाळाच्या कातडीचे तेच होते, आणि अशी भिजलेली कातडी कापडाच्या घर्षणाने लवकर सोलवटते. त्यातच शी व लघवी एकत्र आली की शीतील जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात. सकाळी लंगोट सोडताच नाकाला झोंबणारा जो दर्प येतो, तो याचाच. पूर्वी समजत की हा अमोनियाच कातडी जाळतो. आता असे कळले आहे की निरोगी कातडीला जो सौम्य आंबटपणा असतो, तो अमोनियामुळे नाहीसा होतो आणि शीतील पाचक रस अधिक जोमाने काम करू लागतात. अन्न पचविण्यासाठी असलेले रस मग कातडीलाच पोखरतात. म्हणून शीचे लंगोट नुसत्या ओल्या लंगोटाहून अधिक घातक, आणि हगवण लागलेल्या मुलाची कातडी तर एका दिवसातही सोलवटते.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे लंगोट वेळच्या वेळी बदलणे. शी झाल्याबरोबर आणि एरवी दर दोन-तीन तासांनी तो बदलावा. बाजारी डायपर ओल शोषून घेतो हे खरे, परंतु वरून कोरडा भासतो म्हणून तो दहा-दहा तास तसाच ठेवणे योग्य नव्हे. कापडी लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घातल्यास ओल आतच कोंडते, तीही टाळावी.

दुसरा उपाय योग्य रीतीने धुण्याचा. कोमट पाणी आणि मऊ सुती फडके एवढे पुरे. दर वेळी साबण नको, आणि डाळीचे पीठ चोळणे तर मुळीच नको. धुतल्यावर न घासता हलकेच टिपून घ्यावे. मुलींच्या बाबतीत पुढून मागे पुसावे.

तिसरा उपाय बिनखर्चाचा आहे. तो म्हणजे वारा. मेणकापडावर दुपटे घालून मूल दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटे उघडे खेळू द्यावे. आपल्या आज्या मुलांना घरात नागडे रांगू देत असत, त्यात शहाणपण होते.

चौथा उपाय लेपाचा. कातडी कोरडी झाल्यावर झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली चांगली जाडसर लावावी. भिंतीला गिलावा करावा तसा हा लेप ओल बाहेर थोपवितो. पुढच्या वेळी तो खरवडून काढू नये. मळलेला वरचा थर तेवढा पुसावा आणि पुन्हा लावावा.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पावडर नको, तिची बारीक धूळ श्वासावाटे मुलाच्या फुप्फुसात जाते. बोरिक पावडर जुन्या घरांतून अजूनही सापडते. सोललेल्या कातडीतून ती अंगात शिरते आणि विषासारखी बाधते. मात्र सर्वांत मोठा धोका औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमाचा. माझ्या विद्यार्थिनीने अशीच एक नळी आणली होती. दोन दिवस लाली ओसरली, मग दुप्पट वेगाने परतली. तीत जोरदार स्टिरॉइड होते. लंगोटाखाली असे औषध अधिक शोषले जाते, कातडी पातळ होते आणि बुरशी असल्यास ती बळावते.

तिच्या मुलाला बुरशीच झाली होती. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. साध्या पुरळात लंगोट घासतो तो उंच भाग लाल होतो व जांघेच्या घड्या बहुधा वाचतात. बुरशीत घड्याच लालभडक होतात आणि कडेने बारीक लाल ठिपके विखुरतात. प्रतिजैविक औषधांनंतर ती विशेष दिसते. तिला डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलमच हवे. घरगुती उपायांनी दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास, ताप, फोड, पू अथवा रक्त दिसल्यास, तोंडात पांढरे चट्टे आल्यास किंवा मूल दीड महिन्याहून लहान असल्यास थांबू नये.

गोव्यात आणि बेळगावकडे पावसात लंगोट वाळत नाहीत, ही खरी अडचण आहे. ते गरम पाण्यात धुवावे, साबण पूर्ण निघेपर्यंत दोनदा खळबळावे, आणि दमट राहिल्यास इस्त्री फिरवून कोरडे करावे. उन्हाचे दिवस असतील तेव्हा ऊनच उत्तम.

ते बाळ आठवड्यात बरे झाले. आता त्या घरी लंगोट बदलण्याची पाळी बापाकडेही येते, आणि इस्त्री करण्याचे काम आजीने आपण होऊन घेतले आहे. घरात तान्हे असता आईला बोल लावण्यापेक्षा तिच्या हाती एक कोरडा लंगोट आणून द्यावा. बाळाचेही भले त्यातच आहे.