विश्लेषण : कर्करोगाच्या औषधानेच नवी गाठ का आली?

त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगावरील व्हेम्युराफेनिब या गोळीला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अनेक रुग्णांच्या गाठी झपाट्याने आक्रसल्या. पण साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या त्वचेवर वेगळ्याच प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी उगवल्या. त्या बहुधा शस्त्रक्रियेने काढता येत होत्या. तरीही औषधाने असे का व्हावे, याचे उत्तर पेशीतील प्रथिनांच्या जोड्या कशा जुळतात यात दडले होते.

फॉस्फेट म्हणजे केवळ बटण?

वाढीचा संदेश पेशीत रास, राफ, मेक आणि एर्क अशा साखळीने पुढे जातो. यातील शेवटची तिन्ही कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारी विकरे. या प्रक्रियेला फॉस्फोरिलेशन म्हणतात. ते उलटवता येते आणि त्यातून प्रथिनांचे काम नियंत्रित होते, या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. फॉस्फेट म्हणजे चालू-बंद करण्याचे बटण, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि तो ओळखून दुसरे प्रथिन तिथे पकड घेऊ शकते. कोणी कोणाला धरायचे, हेही त्यावर ठरते.

कुलूप आणि कडी एकच कसे?

बी-राफ या कायनेजवर ३६५ आणि ७२९ या क्रमांकांच्या जागी फॉस्फेट असते. १४-३-३ नावाचे प्रथिन (हे नाव कसले, प्रयोगशाळेतला जुना क्रमांकच!) दोन हातांनी ही दोन्ही फॉस्फेट धरते आणि बी-राफला दुमडून बंद ठेवते. संदेश आला की सक्रिय रास त्याला पेशीपटलाकडे ओढते आणि दुसरे विकर ३६५ वरचे फॉस्फेट काढून टाकते. १४-३-३ चा एक हात मोकळा होतो आणि दुसऱ्या राफ रेणूचे ७२९ वरचे फॉस्फेट पकडतो. ज्याने आतापर्यंत डांबून ठेवले, तेच आता दोन रेणूंची जोडी बांधते. जोडी जुळली की राफ कामाला लागते. काम पुरेसे झाले की साखळीच्या टोकाचे एर्क मागे वळून राफवरच इतर ठिकाणी फॉस्फेट लावते आणि जोडी सुटते.

ही पकड चुकण्याची किंमत मोठी आहे. सी-राफ या भावंड प्रथिनातही असेच बंद ठेवणारे फॉस्फेट २५९ व्या जागी असते. तिथे किंवा तिच्या आसपास जन्मजात बदल असेल तर १४-३-३ ला तिथे नीट धरता येत नाही. अशा मुलांना नूनन सिंड्रोम होतो आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयाचे स्नायू जाड होतात, हे २००७ मध्ये समोर आले.

मग औषध कुठे फसले?

सुमारे निम्म्या मेलानोमांत बी-राफ बदललेले असते. बहुतेकदा ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते. त्यावरही ऋण भार असल्याने जणू फॉस्फेट कायमचे चिकटले आहे, असे राफ वागते. त्याला जोडीदाराचीही गरज उरत नाही. अशा एकट्या रेणूला व्हेम्युराफेनिब चोख बंद करते. निरोगी वाटणाऱ्या पेशीत मात्र बी-राफ मूळ स्वरूपातच असते. तिथे रास आधीच सक्रिय असेल, तर औषध एका राफवर बसते, जोडी जुळायला मदत करते आणि दुसरा जोडीदार अधिकच जोमाने चालतो. हा उलटा परिणाम प्रयोगशाळांनी २०१० मध्येच दाखवला होता. रुग्णांच्या नव्या गाठींपैकी अनेकींत रास जनुकात बदल आढळले, तेव्हा दुवा पक्का झाला.

पुढे काय?

साखळीत खालच्या मेकलाही रोखणारे दुसरे औषध सोबत देण्याची पद्धत २०१४ पासून रुळली आणि या गाठी बऱ्याच कमी झाल्या. जोडीतील दोन्ही राफना अडवणारी औषधेही आता आली आहेत. त्यांपैकी टोव्होराफेनिबला एप्रिल २०२४ मध्ये लहान मुलांच्या मेंदूतील एका प्रकारच्या गाठींसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. वाढीचाच संदेश रोखायचा असल्याने त्याचीही किंमत आहे : मुलांची उंची वाढण्याचा वेग मंदावू शकतो, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला आहे.