सुरांचा चातुर्मास

पावसाळ्यात कंधारची बाजारपेठ लवकर मिटते. शटर ओढून, गल्ल्याचा हिशोब मांडून माणसे घरी येतात, तेव्हा ज्यांचा चौविहार असतो त्यांची जेवणे केव्हाच आटोपलेली असतात. गेल्या चातुर्मासात अशाच एका संध्याकाळी ओळखीच्या एका घरी बसलो होतो. आजी प्रतिक्रमणाहून नुकत्याच परतल्या होत्या. दिवाणखान्यात टीव्हीवर गाण्याच्या एका स्पर्धेची जाहिरात चालू होती, "तुमच्या शहरात ऑडिशन". घरातली बारा वर्षांची मुलगी स्थानकात स्तवने फार गोड म्हणते. ती पडद्याकडे पाहत होती आणि तिचे आई-वडील तिच्याकडे. आजींनी सहज विचारले, "अगं, हे तर आत्ताच संपलं होतं ना? मग पुन्हा कसं सुरू झालं?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून तो गेला नाही. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या स्पर्धांनी मधून मधून थांबावे की नाही? ज्यांच्या घरात गाणारे मूल आहे, त्यांच्यासाठी हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही.

या स्पर्धांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. १९९५ साली 'सा रे ग म' सुरू झाले आणि सोनू निगम हा तरुण गायक त्याचा सूत्रसंचालक म्हणून घरोघरी पोहोचला. याच मंचावर किशोरवयीन श्रेया घोषाल ऐकली गेली आणि पुढे २००२ च्या 'देवदास'मधून तिचा आवाज देशभर झाला. त्याआधी गाणाऱ्या मुलाला मुंबईत कोणाची तरी ओळख लागे, घराण्याचे नाव लागे किंवा नशीब लागे. आमच्या कंधारला तर आजही रेल्वे नाही. नांदेड गाठायचे, तिथून रात्रीची गाडी धरायची, तेव्हा कुठे सकाळी मुंबई दिसते. अशा गावातल्या मुलांसाठी या मंचाने एक दार उघडले, हे नाकारता येणार नाही.

मराठीत या दाराचे सोने झाले ते २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि आपल्या लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले अंतिम फेरीत गायली. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली, पण महाराष्ट्राने पाचही जणांना आपले मानले. लातूर-नांदेडकडे तर 'आपला पोरगा' हा शब्द त्या हिवाळ्यात गल्लोगल्ली होता. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला मोबाइलवरून संदेश धाडला नव्हता, त्यांनीही नातवाकडून मत टाकून घेतले. त्या पर्वाची आठवण इतकी टिकली, कारण ते संपले तेव्हा लोकांचे मन भरले नव्हते. पंगतीतून थोडी भूक ठेवून उठावे, तसे प्रेक्षक उठले होते. आपल्याकडे याला ऊणोदरी म्हणतात आणि बाह्य तपाच्या सहा प्रकारांत तिची गणना होते.

पुढे २०२१ मध्ये तेच पाच जण त्याच मंचावर परीक्षक म्हणून बसले. मधल्या बारा वर्षांत ती मुले मोठी झाली, शिकली, पडली, सावरली आणि मग दुसऱ्यांच्या मुलांना दोन शब्द सांगण्याच्या योग्यतेची झाली. (त्यांतले मुग्धा आणि प्रथमेश २०२३ च्या डिसेंबरात विवाहबद्ध झाले, तेव्हा आमच्या आळीत घरचे लग्न असल्यासारखी चर्चा होती.) त्या पाचांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवणारी गोष्ट म्हणजे मधला काळ, आणि ती कोणत्याही वाहिनीला विकत घेता येत नाही.

याच्या उलट चित्रही त्याच वर्षी दिसले. 'इंडियन आयडॉल'चे बारावे पर्व २०२० च्या नोव्हेंबर अखेरीस सुरू झाले आणि १५ ऑगस्ट २०२१ ला संपले. म्हणजे साडेआठ महिन्यांहून अधिक. महाराष्ट्रात टाळेबंदी लागली तेव्हा चित्रीकरण दमणला हलवले गेले, पण थांबले नाही. अंतिम सोहळा बारा तासांचा होता. बारा तास!  त्याच पर्वात किशोरकुमारांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे म्हणून आले आणि नंतर त्यांनी जाहीरपणे सांगितले की, सर्वांची स्तुती करा असे आपल्याला सांगितले गेले होते. त्यावर बराच वाद झाला. मला त्यात कोणाचा दोष काढायचा नाही. पण आठवड्यामागून आठवडे भाग भरायचाच असेल, तर स्तुतीही पुरवठ्याचा माल होते आणि माल कमी पडला की भेसळ होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. २००९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला आपला रोहित दहा वर्षांनी, २०१९-२० मध्ये, 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक होता. तिथेही तो उपविजेता ठरला. त्याच्या जिद्दीला प्रणामच केला पाहिजे. 'इंडियन आयडॉल'चा २००५ मधला पहिला विजेता, आपला मराठी अभिजीत सावंत, त्यालाही पुढे दुसऱ्या गायनस्पर्धेत उतरावे लागले आणि २०२४ मध्ये तो 'बिग बॉस मराठी'च्या घरात दिसला. विजेत्यालाही पुन्हा रांगेत उभे राहावे लागते, याचा अर्थ काय? दरवर्षी नवा विजेता बाजारात आणला की कालचा विजेता शिळा होतो. गोदामात नवा माल येत राहतो आणि जुन्या मालाला उठाव मिळण्याआधीच त्यावर धूळ बसते. एका विजेत्याला लोकांच्या कानात रुजायला दोन-तीन वर्षे मिळावीत, एवढा धीर मंचाकडे हवा.

आता दुसरी बाजू. अनेकान्त मानणाऱ्यांनी ती टाळून चालणार नाही. दुकान चार महिने बंद ठेवा म्हणणे सोपे आहे. भाडे, पगार आणि गिऱ्हाईक यांना चार महिने कोण थांबवणार? अशा कार्यक्रमावर वादक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, सुतार, चहावाला अशा कितीतरी घरांच्या चुली अवलंबून असतात. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि जाहिरातदार त्यावर भाव ठरवतो. शनिवार-रविवारची रात्र रिकामी सोडली तर समोरची वाहिनी तिथे बसते. आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की ते परत आणणे किती कठीण, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार!

अमेरिकेतील उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'अमेरिकन आयडॉल' २००२ मध्ये फॉक्स वाहिनीवर सुरू झाले. सलग आठ हंगाम तो त्या देशातील सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम होता. पुढे प्रेक्षक ओसरत गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये फॉक्सने निरोपाचा भाग दाखवला. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, मार्च २०१८ मध्ये तोच कार्यक्रम परतला, पण प्रतिस्पर्धी एबीसी वाहिनीवर. विश्रांती कार्यक्रमाला मानवली, दुकान मात्र दुसऱ्याच्या नावे झाले. आपल्याकडे 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून जवळपास दहा वर्षे चालले, मार्च २०२४ मध्ये थांबले आणि २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह, विनोदी कलाकारांच्या शोधाचे रूप घेऊन त्याच वाहिनीवर परतले. तेव्हा थांबण्यात जोखीम आहेच. पण दमून, प्रेक्षकांनी पाठ फिरवल्यावर थांबणे आणि आधीच ठरवून थांबणे यांत फरक आहे. पहिली नामुष्की आहे, दुसरा नियम.

तो नियम आपल्या मातीला नवा नाही. लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सव होतो. हेच फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, गावोगावच्या यात्रा करतात आणि उन्हाळा सरता सरता परततात. पावसाळ्यात कनाती गुंडाळलेल्या असतात. त्या काळात नवा वग बसतो, नवे कलाकार घेतले जातात, उचल ठरते. फडमालकाला कोणी सांगत नाही की तुमचा धंदा बुडाला. दसऱ्याला ढोलकी वाजणार हे गावाला ठाऊक असते आणि गाव वाट पाहते.

आणि आपल्या साधु-साध्वींचे तर काय सांगावे! आठ महिने पायी विहार, आषाढातल्या चौमासी चौदसेपासून मात्र एकाच गावी मुक्काम. ओल्या भूमीवर उगवलेल्या सूक्ष्म जीवांना पायाखाली इजा होऊ नये, हे त्यामागचे मूळ कारण. पण ज्या गावाला चातुर्मास लाभतो, त्याला विचारा. प्रवचने, सामायिक, स्वाध्याय, तपश्चर्या, मुलांची शिबिरे अशी वर्षभराची शिदोरी त्या चार महिन्यांतच बांधली जाते. महाराजसाहेबांचे चालणे थांबते, काम वाढते.

कंधारकरांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. राष्ट्रकूटांच्या ज्या वैभवाच्या खुणा आपल्या गावात आहेत, त्याच राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण याच्या काळात मान्यखेटला पुष्पदंत हा अपभ्रंश भाषेतील थोर जैन कवी आला. मंत्री भरताने त्याला घरी ठेवून घेतले आणि त्याचे महापुराण इ. स. ९५९ ते ९६५ अशी सहा वर्षे रचले जात होते. दर आठवड्याला किती कडवक झाले, असे भरताने विचारले असेल असे वाटत नाही.

मोठ्यांचे एक वेळ सोडून देऊ. स्वतःचे बरे-वाईट ते पाहतील. मुलांच्या बाबतीत मात्र कायदाच बोलतो आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कलाकार म्हणून घेताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही, ओळीने सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. शाळा बुडता कामा नये आणि मुलाच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. त्याच वर्षी चित्रपट दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या अशा कार्यक्रमांवर बंदीच घालावी, असे जाहीर आवाहन केले होते. मी इतक्या टोकाला जाणार नाही. बंदीने दार बंद होईल आणि ते पुन्हा कंधार-मुखेडच्या मुलांवरच बंद होईल. पण दोन पर्वांमध्ये निदान एक शैक्षणिक वर्ष मोकळे जावे आणि मुलांची पर्वे परीक्षेच्या महिन्यांत येऊ नयेत, एवढे आपण मागू शकतो. आपल्या समाजातले कित्येक उद्योग या वाहिन्यांना जाहिराती देतात. जाहिरातदाराचा शब्द तिथे पोहोचतो.

त्या घरी पुन्हा जाणे झाले ते पर्युषणानंतर, क्षमापनेच्या निमित्ताने. मुलीचा अर्ज भरला गेला होता. आई उत्साहात होती. आजींचा विरोध नव्हता, त्यांची फक्त एक अट होती की चित्रीकरण रात्री असले तरी हिच्या रात्रिभोजनाच्या त्यागात खंड पडू नये. वडील वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत होते. मी डोकावून पाहिले. बोलावणे आले तर काय विचारायचे, याची ती यादी होती. किती तास, किती दिवस, शाळेचे काय, सोबत कोण राहणार. सर्वांत खाली लिहिले होते: ठेव कोणत्या बँकेत?